ओल झाकणारा हिरवा रंग

अनिता रॉडिकला तिच्या दुकानाच्या गडद हिरव्या रंगाबद्दल विचारलं की समोरच्याची अपेक्षा असायची, निसर्ग, वनस्पती, वसुंधरा असं काहीतरी भारदस्त ऐकायला मिळेल. तिचं उत्तर ठरलेलं होतं. भिंतींना ओल आली होती, बुरशीचे डाग पडले होते, आणि ते झाकेल असा तो एकच रंग होता.

बस्स. पुढे 50 हून अधिक देशांत दोन हजारांवर दुकानं निघाली, 'ग्रीन' हा शब्द जाहिरातवाल्यांच्या तोंडी बसला, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी काय, तर ओल! मला ही गोष्ट फार आवडते. कारण यात नंतर चिकटवलेलं तत्त्वज्ञान नाही. आधी अडचण आली, मग जुगाड झाला, आणि त्या जुगाडाचं तत्त्व बरंच नंतर झालं.

ही गोष्ट आज सांगावीशी वाटली त्याचं कारण 'सस्टेनेबल' हा शब्द. हल्ली तो टूथब्रशपासून टाउनशिपपर्यंत सगळ्याला लावतात. सरकारी मराठीत 'सस्टेनेबल कन्झम्प्शन'ला 'शाश्वत उपभोग' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला हमखास ययाती आठवतो. त्या बिचाऱ्याला नेमका शाश्वत उपभोगच तर हवा होता! मुलाचं तारुण्य उसनं घेतलं, हजार वर्षं भोग भोगले, आणि शेवटी कळलं की आगीत तूप ओतून आग विझत नाही. आपण तरी वेगळं काय करतोय? पुढच्या पिढीकडून उसनं घेऊनच चाललंय. फरक एवढाच की पुरूला निदान विचारलं तरी होतं.

असो. या शब्दाचा अधिकृत इतिहास तसा छोटा आहे. 1992 मध्ये रिओ द जानेरोला पृथ्वी परिषद झाली, तिथे 'अजेंडा 21' नावाचा जाडजूड दस्तऐवज मंजूर झाला. त्याचं चौथं प्रकरण उपभोगाच्या सवयी बदलण्याबद्दल आहे. 1994 मध्ये ऑस्लोत एक परिसंवाद झाला, त्यात व्याख्या ठरली. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टं ठरवली, त्यातलं 12 वं हेच. पण अनिताने दुकान उघडलं 1976 मध्ये, म्हणजे रिओच्या 16 वर्षं आधी. तिला हा शब्द माहीतही नव्हता. तिला आठवड्याला 300 पौंडांचा गल्ला हवा होता.

अनिता पेरिली 1942 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिटलहॅम्प्टन नावाच्या लहान गावात जन्मली. आईवडील इटालियन, गावात त्यांचा कॅफे. युद्धाचे दिवस. रेशनिंग चालू. तिची आई बाटली, डबा, कापड काही म्हणजे काही टाकायची नाही. बाटली पुन्हा भरायची, कापड फाटलं की त्याचं दुसरं काहीतरी करायचं. हे वाचताना आपल्या आज्यांची आठवण येणं साहजिक आहे. जुनी नऊवारी मऊ झाली की तिची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. याला कोणी 'सर्क्युलर इकॉनॉमी' म्हणत नव्हतं, काटकसर म्हणत होते.

पुढे अनिता शिक्षिका झाली, इस्रायलमध्ये किबुत्झवर राहिली, जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या कामगार संघटनेत काम केलं, ताहिती, मादागास्कर, मॉरिशस असं बरंच फिरली. ताहितीत बायका कोकोचं लोणी अंगाला चोळतात, हे तिने तिथेच पाहिलं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे कायदे मोडून कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या रात्री जॅझ क्लबात गेली, म्हणून तिथून हाकलली गेली. घरी परतल्यावर गॉर्डन रॉडिक भेटला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. दोघांनी मिळून छोटं हॉटेल चालवलं, मग रेस्टॉरंट चालवलं, आणि दमले.

आणि मग गॉर्डनने जाहीर केलं की त्याला ब्युनोस आयर्सपासून न्यूयॉर्कपर्यंत घोड्यावरून जायचंय. लहानपणापासूनचं स्वप्न! (आपल्याकडे कोणी बायकोला असं सांगून बघावं.) अनिता हो म्हणाली. पण तो नसताना घर चालायला हवं, म्हणून दुकान काढायचं ठरलं.

कर्ज मागायला ती बँकेत गेली ती बॉब डिलनचं चित्र असलेला टीशर्ट घालून, सोबत लहान मुली. बँकेने नाही म्हटलं. पुन्हा दोघं गेले तेव्हा गॉर्डन सोबत, अनिताच्या अंगावर व्यवस्थित सूट, हातात नीट टाइप केलेला आराखडा आणि तारण म्हणून हॉटेल. 4,000 पौंड मिळाले. कल्पना तीच, बाई तीच. बदलले ते कपडे आणि कागद. स्टार्टअपवाल्यांच्या 'पिच डेक'चा इतिहास कोणी लिहिला तर त्यात हा प्रसंग घ्यायला हरकत नाही.

27 मार्च 1976, शनिवार. ब्रायटनच्या केन्सिंग्टन गार्डन्स नावाच्या गल्लीत 'द बॉडी शॉप' उघडलं. अनिता 33 वर्षांची होती. मोठ्या सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी तिचा माल बनवायला नकार दिला होता, म्हणून जवळपासच्या वनौषधी जाणणाऱ्या माणसाकडून क्रीम आणि लोशनं बनवून घेतली. लेबलं हाताने लिहिलेली. माल थोडा, शेल्फ रिकामं दिसायला नको, म्हणून एकच वस्तू वेगवेगळ्या आकारांच्या बाटल्यांत भरून ठेवली. याचा गिऱ्हाइकाला फायदाच झाला, कारण ज्याला थोडंसंच पाहिजे त्याला थोडंसंच घेता येऊ लागलं.

आता बाटल्या. बाजारातली सगळ्यात स्वस्त बाटली कुठली? इस्पितळात लघवीचा नमुना द्यायला वापरतात ती! तीच तिने घेतली. पण त्यासुद्धा पुरेशा घ्यायला पैसे नव्हते. म्हणून तिने गिऱ्हाइकांना सांगितलं, रिकामी बाटली परत आणा, भरून देते. झालं. जगभर ज्याची पुढे वाहवा झाली ती 'रिफिल'ची योजना अशी जन्मली. कॅश फ्लोचा प्रॉब्लेम होता, त्याचं हे सोल्युशन.

शेजारी अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणाऱ्यांची दुकानं होती. 'बॉडी शॉप' ही पाटी शेजारी बघून त्यांची पंचाईत झाली. मृतांच्या नातेवाइकांना काय वाटेल? इंग्रजीत 'बॉडी' म्हणजे प्रेतही. त्यांच्या वकिलाची नोटीस आली. अनिताने काय करावं? तिने नाव न सांगता स्थानिक वर्तमानपत्राला फोन केला आणि सांगितलं की दोन लहान मुलींच्या एकट्या आईला हे लोक छळतायत. बातमी छापून आली, फुकटात जाहिरात झाली. जाहिरातीवर पैसे खर्च न करण्याचं धोरण कंपनीने पुढे कित्येक वर्षं अभिमानाने मिरवलं. तेही सुरू झालं ते पैसे नसल्यामुळेच.

इथे थोडं थांबून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साधं पॅकिंग, परत भरायची बाटली, हातची लेबलं, जाहिरात नाही. यातलं काहीही पर्यावरणासाठी सुरू झालेलं नव्हतं. पण अनिताने एक काम केलं जे बहुतेक लोक करत नाहीत. पैसे आल्यावरही तिने हे टाकून दिलं नाही. गरिबीत सगळेच काटकसर करतात. पगार वाढल्यावर ती टिकली तर तिला तत्त्व म्हणायचं. आमच्या पिढीचं नेमकं इथेच घोडं अडतं. पहिल्या नोकरीत दोन शर्ट आलटूनपालटून घालणारा माणूस तिसऱ्या वर्षी कपाटाचं दार लागत नाही म्हणून मोठं कपाट घेतो.

दुकान चाललं. सहा महिन्यांत चिचेस्टरला दुसरं काढायचं ठरलं. बँक पुन्हा नाही म्हणाली. तेव्हा इयान मॅकग्लिन नावाच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने 4,000 पौंड दिले, बदल्यात अर्धा धंदा त्याचा. गॉर्डनने दक्षिण अमेरिकेतून 'देऊ नकोस' असं पत्र पाठवलं, ते पोचेपर्यंत सही झाली होती. मॅकग्लिनने धंद्यात कधी ढवळाढवळ केली नाही. 2006 मध्ये कंपनी विकली गेली तेव्हा त्याच्या वाट्याला 100 दशलक्ष पौंडांहून जास्त रक्कम आली. एंजल इन्व्हेस्टर असावा तर असा!

गॉर्डनची मोहीम घोडा दगावल्यामुळे अर्ध्यावर संपली आणि तो परतला. फ्रँचायझीची कल्पना त्याची. 1978 मध्ये ब्रसेल्सला देशाबाहेरचं पहिलं दुकान निघालं. एप्रिल 1984 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. 95 पेन्सचा शेअर पहिल्याच दिवशी 165 वर बंद झाला. रात्रीतून रॉडिक दांपत्य लक्षाधीश.

खरी गंमत इथून पुढे आहे. शेअर बाजारात आलेली कंपनी साधारणपणे शहाणी होते, गुळगुळीत बोलायला लागते. ही कंपनी उलट दंगा करायला लागली. 1986 मध्ये ग्रीनपीसबरोबर देवमासे वाचवण्याची मोहीम. तेव्हा सौंदर्यप्रसाधनांत स्पर्म व्हेलपासून मिळणारा मेणासारखा पदार्थ वापरला जायचा, आणि बॉडी शॉपकडे त्याला होहोबा तेलाचा पर्याय होता. म्हणजे मोहीमही झाली आणि मालही खपला. मग प्राण्यांवरच्या चाचण्यांविरुद्ध मोहीम. 1989 मध्ये अनिता ब्राझीलच्या आल्तामिराला गेली, जिथे कायापो आणि इतर आदिवासी धरणाविरुद्ध एकत्र आले होते. पुढे कायापोंकडून ब्राझील नट्सचं तेल विकत घेणं सुरू झालं. 1991 मध्ये गॉर्डनने जॉन बर्डबरोबर 'द बिग इश्यू' काढलं, बेघर लोकांनी रस्त्यावर विकायचं नियतकालिक. दुकानाच्या काचेवर सेलच्या पाट्यांऐवजी असले विषय. गिऱ्हाईक साबण घ्यायला यायचं आणि सही करून जायचं.

1987 मध्ये कंपनीने 'ट्रेड नॉट एड', म्हणजे 'मदत नको, व्यापार करा' हा कार्यक्रम सुरू केला. त्याचा पहिला माल आला भारतातून. तमिळनाडूत मदुराईजवळ तिरुमंगलम नावाचं गाव आहे, तिथून पायाला मसाज करायचे लाकडी रोलर. पुढे तिथेच उभ्या राहिलेल्या टेडी एक्स्पोर्ट्सकडे हे काम गेलं, आणि त्या व्यापारातून शाळा आणि आरोग्यसेवाही चालल्या. पुण्या-मुंबईच्या मॉलमधल्या हिरव्या दुकानात आपण 'इंपोर्टेड' म्हणून कौतुकाने जो लाकडी रोलर हातात घेतो, तो मदुराईकडचा असू शकतो. तिरुमंगलम ते पुणे, व्हाया इंग्लंड!

आता त्याच तमिळनाडूतली, त्याच दशकातली दुसरी गोष्ट. कडलूरला सी. के. रंगनाथन या तरुणाने 1983 मध्ये 15,000 रुपये घालून शांपूच्या छोट्या पुड्यांचा धंदा सुरू केला. चिक शांपू. ज्याला आख्खी बाटली परवडत नाही त्याला एका न्हाण्यापुरता शांपू. विचार किती सरळ आहे बघा. अनितानेही लहान आकाराची बाटली ठेवली होती आणि रंगनाथनने आणखी लहान पुडी काढली. दोघांकडे भांडवल नव्हतं, दोघांनाही मोठ्या कंपन्यांच्या आडून वाट काढायची होती. एक वाट रिफिलकडे गेली, दुसरी सॅशेकडे. पुढे देशातल्या झाडून सगळ्या मोठ्या कंपन्या रुपया-आठ आण्यांच्या पुड्या विकायला लागल्या.

मला या पुडीला शिव्या घालायच्या नाहीत. गावाकडच्या मुलीलाही शांपू मिळाला, ही काही वाईट गोष्ट नव्हे. उलट चिकची एक योजना होती, पाच रिकाम्या पुड्या परत आणा आणि एक भरलेली फुकट घ्या. म्हणजे रिकामं पॅकिंग परत आणायला आपले लोक तयार असतात, त्यांना काहीतरी मिळालं पाहिजे! फक्त परत आलेल्या पुडीचं करायचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. अनेक थरांचं हे प्लास्टिक ना धड वितळवून वापरता येत, ना रद्दीवाला घेत. 2016 च्या केंद्राच्या नियमांत असं पुनर्वापर न होणारं प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं कलम होतं. 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि ते सैल पडलं. आजही कोणत्याही नाल्यात डोकावून बघा.

तर पुन्हा अनिताकडे. एवढं सगळं गोड चाललं असताना दुसरी बाजू कोणी काढणार नाही असं होत नाही. सप्टेंबर 1994 मध्ये जॉन एन्टीन या अमेरिकन पत्रकाराने 'बिझनेस एथिक्स' मासिकात मोठा लेख लिहिला. आरोप गंभीर होते. नाव आणि कल्पना मूळची नाही, 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या मालात कृत्रिम रसायनं आहेत, दानधर्माचा जेवढा गाजावाजा तेवढं दान सुरुवातीच्या काळात झालेलं नाही. शेअर पडला.

नावाच्या बाबतीत तथ्य होतंच. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला जेन सॉन्डर्स आणि पेगी शॉर्ट या दोघींनी 1970 मध्येच 'द बॉडी शॉप' काढलं होतं. नैसर्गिक प्रसाधनं, साध्या बाटल्या, परत भरून देण्याची सोय, सगळं. 1987 मध्ये रॉडिक मंडळींनी अमेरिकेत शिरण्यासाठी त्यांना 35 लाख डॉलर देऊन नावाचे हक्क घेतले, आणि बर्कलीच्या दुकानाने 'बॉडी टाइम' हे नवं नाव घेतलं.

मग लघवीच्या बाटल्यांची सगळी कहाणी खोटी म्हणायची का? मला तसं वाटत नाही. कल्पना दुसरीकडून आली असेल आणि अडचणही खरी असेल, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. आमच्या धंद्यात तर सगळे एकमेकांचा कोड बघूनच शिकतात. पण मूळ लेखकाचं नाव कॉमेंटमध्ये टाकायची रीत आहे. ती पाळली नाही की प्रश्न विचारला जातोच, आणि तो नैतिकतेच्या नावावर माल विकणाऱ्याला जास्तच विचारला जातो. जो दूध विकतो त्याने पाणी घातलं तर आपण कुरकुरतो. जो 'शुद्ध दूध' अशी पाटी लावून विकतो त्याला मात्र रस्त्यात उभा करतो.

कंपनीचा पहिला प्रतिसाद चिडचिडीचा होता. पण नंतर एक चांगली गोष्ट झाली. 1996 च्या सुरुवातीला त्यांनी 'व्हॅल्यूज रिपोर्ट' छापला. पर्यावरण, प्राणी, कामगार आणि पुरवठादार यांच्याशी आपण कसे वागतो याचा तपासलेला जमाखर्च. आज मोठ्या कंपन्या दरवर्षी 'सस्टेनेबिलिटी रिपोर्ट' काढतात, त्यांच्या पूर्वजांमध्ये हा एक आहे. टीका झाली नसती तर तो एवढ्या गंभीरपणे निघाला असता का, मला शंका आहे.

त्याच वर्षी, 1996 मध्ये, प्राण्यांवरील चाचण्यांविरुद्ध 40 लाख सह्यांचं निवेदन युरोपीय आयोगाला दिलं गेलं. 1998 मध्ये ब्रिटनने सौंदर्यप्रसाधनांसाठी अशा चाचण्या बंद केल्या. युरोपीय संघाने 2004 पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणत 2013 मध्ये असा माल विकायलाच मनाई केली. 2014 मध्ये भारतानेही आधी चाचण्यांवर आणि मग असा माल आयात करण्यावर बंदी घातली. याचं श्रेय एकट्या अनिताचं नाही, कित्येक संघटना दशकानुदशकं लढत होत्या. पण दुकानाच्या काउंटरवर सह्या गोळा करणारी ती होती.

माझ्या मते तिच्या सगळ्या कामातलं सगळ्यात टिकाऊ काम हे आहे. कारण यात गिऱ्हाइकाला रोज उठून चांगलं वागायची गरज उरली नाही. भारतात आज सगळ्यात स्वस्त लिपस्टिक घेणारी मुलगीसुद्धा सशाच्या डोळ्यात रसायन न टाकता बनलेली लिपस्टिक घेऊ शकते. तिला त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत, लेबल वाचावं लागत नाही, विचारही करावा लागत नाही. डिफॉल्ट बदललं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना सांगायला नको, 100 पैकी 95 लोक सेटिंग्जमध्ये कधी जातच नाहीत. जे काय करायचं ते डिफॉल्टमध्ये करा.

आता दुःखाचा भाग. 1998 मध्ये अनिता मुख्य कार्यकारी अधिकारी पदावरून बाजूला झाली. शेअर बाजाराबद्दल ती कडवट बोलायची, दर तिमाहीला आकडे मागणाऱ्यांना देवमाशांचं काय पडलेलं असणार! मार्च 2006 मध्ये कंपनी लॉरेआलला 652 दशलक्ष पौंडांना विकायचं ठरलं. लॉरेआल, जिच्यावर प्राणी-चाचणीविरोधी लोक वर्षानुवर्षं टीका करत होते. जुन्या गिऱ्हाइकांनी बहिष्काराची भाषा केली. अनिताचं म्हणणं होतं, मी ट्रोजन हॉर्ससारखी आहे, आत शिरून त्यांना बदलेन. तिला वेळ मिळाला नाही. धाकट्या मुलीच्या जन्माच्या वेळी, 1971 मध्ये, तिला रक्त दिलं गेलं होतं, त्यातून हेपटायटिस सी झाला होता. तो कळला 2004 मध्ये. 10 सप्टेंबर 2007 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ती गेली. वय 64. संपत्ती दान करीन असं ती आधीपासून म्हणत होती, तशी ती केली.

कंपनी मात्र हातोहाती फिरत राहिली. 2017 मध्ये ब्राझीलच्या नातुराने सुमारे एक अब्ज युरोंना घेतली. 2023 च्या अखेरीस ऑरेलियस या गुंतवणूक कंपनीने 207 दशलक्ष पौंडांच्या व्यवहारात घेतली. म्हणजे 2006 च्या किमतीच्या तिसरा हिस्सा. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. दुकानं बंद झाली, माणसं घरी गेली, पुरवठादारांची बिलं अडकली. 'मदत नको, व्यापार करा' म्हणणाऱ्या कंपनीने व्यापाऱ्याचं पहिलं कर्तव्य, उधारी चुकवणं, ते चुकवलं. सप्टेंबर 2024 मध्ये माइक जटानिया या उद्योजकाच्या गटाने ती विकत घेतली. भारतातली दुकानं वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे इथे मॉलमध्ये फारसा फरक जाणवला नाही.

हे असं का झालं? स्पर्धा वाढली हे एक. बॉडी शॉपला सुरुवातीच्या काळात माल बनवून देणारा मार्क कॉन्स्टंटाइन, त्याने 1995 मध्ये 'लश' काढलं आणि वेष्टणाशिवाय साबण विकायला सुरुवात केली. शिवाय सगळेच 'नैसर्गिक' म्हणायला लागले, तेव्हा पहिल्याचं वेगळेपण संपलं. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते सांगायला माझ्याकडे आमच्याच क्षेत्रातलं उदाहरण आहे.

सॉफ्टवेअरमध्ये दोन फाइली असतात. एक 'रीडमी', त्यात आपण काय करतो, का करतो ते प्रेमाने लिहिलेलं असतं. दुसरी 'लायसन्स', त्यात कोणाला काय करता येईल आणि काय नाही हे कायद्याच्या भाषेत असतं. जीपीएल लायसन्सवाला कोड कोणीही विकत घेऊन आपल्या कपाटात बंद करू शकत नाही, तो वाटायचा तर मोकळाच वाटावा लागतो. अनिताने तत्त्वं रीडमीत लिहिली. सुंदर लिहिली. पण लायसन्स साधंच होतं, जो जास्त पैसे देईल तो मालक. मालक बदलला की रीडमी बदलायला किती वेळ लागतो?

सप्टेंबर 2022 मध्ये पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीच्या इव्हॉन शुइनार्डने वेगळी वाट धरली. कंपनी विकायची नाही, बाजारात आणायची नाही. मतदानाचे शेअर एका ट्रस्टकडे, बाकीचे पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेकडे. नफा तिकडे जाणार, आणि ट्रस्ट हेतू सांभाळणार. हे किती वर्षं टिकतं ते बघू. पण निदान लायसन्स फाइल उघडून त्यात हात तरी घातला.

आणि रिफिलचं काय झालं? मधल्या काळात ते बॉडी शॉपच्या दुकानांतूनही जवळजवळ नाहीसं झालं. कारण रिकामी बाटली धुवून, आठवणीने पिशवीत टाकून दुकानात नेणं लोकांना नको झालं. 2021 मध्ये कंपनीने जगभरच्या शेकडो दुकानांत ते नव्याने सुरू करायचं ठरवलं. पहिल्या वेळी पैसे नव्हते म्हणून, दुसऱ्या वेळी लाज वाटायला लागली म्हणून.

आपल्याकडे हे सगळं होतं, असं म्हणून कॉलर ताठ करायचा मोह होतो. किटली घेऊन वाण्याकडून तेल आणायचं, जुने कपडे बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं, रद्दी किलोवर विकायची. पण ते 'होतं'. आपणही परवडायला लागल्याबरोबर सोडलंच. जून 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा दोन महिने सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या होत्या. आता? मंडईत जाऊन बघा.

परवाच आमच्या ऑफिसात (नाव नको!) 'सस्टेनेबिलिटी वीक' साजरा झाला. प्रत्येकाला कंपनीचा लोगो असलेली स्टीलची बाटली मिळाली. पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. माझ्याकडची ही चौथी. पाणी एका वेळी एकाच बाटलीतून पिता येतं, हे एचआरला कोण सांगणार?

म्हणून अनिताची गोष्ट सांगितली. हिरव्या रंगाखाली ओल होती हे ती स्वतः सांगत होती, हे मला तिचं सगळ्यात मोठं मोठेपण वाटतं. आजच्या हिरव्या पाट्यांखाली काय आहे हे विचारायला आपल्याला काही फार लागत नाही. बाटली परत घेता का? घेतली तर तिचं काय करता? उद्या कंपनी विकली गेली तर हेच कोण पाळणार? एवढे तीन प्रश्न काउंटरवर विचारले तरी पुष्कळ. उत्तर मिळणार नाही बहुतेक, पण विचारणारे 40 लाख झाले की काय होतं ते एकदा झालेलं आहे.

बराच लांबला लेख. उरलेला रविवार सत्कारणी लावा. पुढच्या आठवड्यात भेटू.